डब्लिनमधला मुलगा आणि पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका आईने पाठवलेले पत्र बरेच मोठे आहे. त्यातला मुख्य भाग असा :

‘माझा मुलगा डब्लिनमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. २०२५च्या उन्हाळ्यात तिथे भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हापासून तो धास्तावलेला आहे. तो देशच वर्णद्वेषी आहे, असे तो फोनवर म्हणतो. पण त्याच दमात असेही म्हणतो, की खरा दोष निर्वासितांचा आणि बेकायदा घुसलेल्यांचा आहे, त्यांच्यामुळे आमच्यासारखे कर भरणारे लोक बदनाम होतात. माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. मुलावरच्या अन्यायाने त्यांचे रक्त उसळते, मात्र परप्रांतीयांना नाशिकमधून हाकलले पाहिजे, हे त्यांचे मत पक्के आहे. धाकटी मुलगी कायद्याचे शिक्षण घेते आणि ती दोघांनाही ढोंगी ठरवते. पाथर्डी फाट्याजवळ आमचा एक रिकामा फ्लॅट आहे. एजंटने त्यासाठी दोन आफ्रिकी विद्यार्थी आणले होते. सोसायटीतल्या लोकांनी कुरकुर केली म्हणून मी नकार कळवला. त्यावर मुलगी म्हणाली, आता दादाने डब्लिनबद्दल तोंड उघडू नये. त्या दिवसापासून बापलेकीत बोलणे नाही. यात बरोबर कोण? मुलाला परत बोलवावे का? आणि माझे काही चुकले का?’

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे मला योग्य वाटते. होय, फ्लॅटच्या बाबतीत तुमचे चुकले. सोसायटीतल्या लोकांशी वाकडे घेणे कोणालाच नको असते, हे मी समजू शकते, आणि पत्रात तुम्ही स्वतःहून ही गोष्ट लिहिलीत यावरून ती तुम्हाला आतून टोचते आहे हेही दिसते. परंतु त्या दोन मुलांविषयी त्यांच्या वर्णापलीकडे तुम्हाला काहीच ठाऊक नव्हते. ती भाडे वेळेवर देतील का, कोणत्या महाविद्यालयात शिकतात, आधी कुठे राहत होती, यांपैकी एकही चौकशी न होता नकार गेला. आणि आपल्याला कोणी ओळखण्याआधीच आपल्याविषयी मत बनवले जाते, हीच तुमच्या मुलाची डब्लिनबद्दलची तक्रार आहे. मुलीचे बोलणे कडू असले तरी त्यातला तर्क मला खोडता येत नाही. तिची एकच गोष्ट मला मान्य नाही. आईने घर नाकारले म्हणून भावाचा तक्रार करण्याचा हक्क बुडत नाही, कारण त्याच्यावर होणारा अन्याय दुसऱ्या कोणाच्या चुकीने फिटणारा नाही.

आता घरातल्या वादाकडे येऊ. तुम्हा चौघांना वाटते की तुमचे एकाच विषयावर भांडण आहे, पण पत्र वाचताना मला त्यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसले. बाहेरून किती माणसांना येऊ द्यायचे आणि कोणत्या अटींवर, हा एक प्रश्न. आलेल्या माणसाशी रस्त्यावर, घर भाड्याने देताना, नोकरीवर घेताना कसे वागायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर सरळ मनाच्या माणसांमध्येही मतभेद होऊ शकतात, कारण घरे, शाळा, दवाखाने आणि रोजगार यांचा हिशेब त्यात येतो, आणि संख्या कमी असावी असे म्हणणारा प्रत्येक माणूस वर्णद्वेषी ठरत नाही. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मतभेदाला जागा आहे असे मला वाटत नाही. तुमचे यजमान आणि तुमचा मुलगा दोघेही पहिल्या प्रश्नावरचा आपला राग दुसऱ्या प्रश्नात ओततात, आणि मुलगी दुसऱ्या प्रश्नावरच्या संतापात पहिला प्रश्न विचारण्याचीच कोणाला मुभा देत नाही.

हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे किती अवघड असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला ब्रिटनमध्ये दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाला माणसांची चणचण होती. १९४८च्या कायद्याने वसाहतींतल्या लोकांना तिथे जाऊन राहण्याचा हक्क होता, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसे घेऊन टिलबरी बंदराला लागले. पुढे बस, रेल्वे आणि रुग्णालये अशाच माणसांच्या बळावर चालली. १९५८मध्ये नॉटिंगहॅम आणि लंडनच्या नॉटिंग हिल भागात दंगली झाल्या, १९६२मध्ये प्रवेशावर पहिली बंधने आली, आणि १९६५मध्ये वर्णभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला. तो कायदा सार्वजनिक जागांपुरताच होता. उपाहारगृहात काळ्या माणसाला चहा नाकारता येत नव्हता, पण घरमालकाला खोली नाकारता येत होती.

मग १९६८ साल उजाडले. केनियातून ब्रिटिश पासपोर्ट घेऊन निघालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना रोखण्यासाठी संसदेने अवघ्या तीन दिवसांत एक कायदा संमत केला. ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असतील त्याला मुक्त प्रवेश, इतरांना मर्यादा, अशी त्याची रचना होती. कायद्यात वर्णाचा उच्चार नव्हता, पण आजोबांचे जन्मस्थान विचारल्यावर कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार हे उघड होते. त्याच वर्षी वर्णभेदविरोधी कायदा घरे आणि नोकऱ्या यांनाही लागू करण्याचे विधेयक आले. त्याला विरोध करताना २० एप्रिल रोजी बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल या खासदाराने जे भाषण केले, त्यात त्यांनी स्थलांतर थांबवण्याची मागणी आणि आलेल्यांविषयीची भीती यांची अशी सरमिसळ केली, की आजही युरोपातली अनेक भाषणे तोच साचा वापरतात. त्यांच्या पक्षाचे नेते एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना आपल्या प्रमुख सहकाऱ्यांतून काढून टाकले. लंडनचे गोदी कामगार मात्र पॉवेल यांच्या बाजूने संसदेवर चालून गेले. विधेयक तरीही मंजूर झाले, आणि त्या शरद ऋतूपासून ब्रिटनमध्ये वर्ण पाहून भाडेकरू नाकारणे बेकायदा ठरले.

तुमच्या पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचा प्रश्न तिथे १९६८ साली संसदेत लढवला गेला होता. आपल्याकडे खासगी घरमालकाला असे थेट बांधणारा कायदा नाही, त्यामुळे इथे सगळे तुमच्या विवेकावर आहे. आणि जन्म पाहून दार बंद करणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी नाशिकच्या माणसाला युरोपात जावे लागत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला, वर्षे उलटली तरी दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला, कारण तो भेद आपली माणसे आपल्यासोबत तिकडे घेऊन गेली होती. आपल्या घरातल्या तरुणाला परदेशात तुच्छतेने वागवले गेले की आपल्याला जे वाटते, ते आपल्याच शहरात किती जणांनी किती पिढ्या सोसले, हे तुमच्या यजमानांशी बोलताना जरूर काढा.

कोणाला येऊ द्यायचे याचा निर्णय प्रत्येक देशाने घ्यावा, हे मला मान्य आहे; कसोटी कोणती लावली जाते, एवढे मात्र पाहिले पाहिजे. १९०१मध्ये ऑस्ट्रेलियाने येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालण्याचा नियम केला, आणि ती भाषा अधिकारी निवडत असल्यामुळे नको असलेला माणूस हमखास नापास होई. कॅनडाने १९०८मध्ये मायदेशातून न थांबता एकाच प्रवासात आलेल्यांनाच उतरू देण्याचा नियम केला, कारण भारतातून तसे थेट जहाज जात नव्हते. १९१४मध्ये ‘कोमागाटा मारू’ जहाजातले ३७६ भारतीय प्रवासी व्हँकुव्हरला दोन महिने ताटकळले, त्यांतल्या फक्त २४ जणांना उतरू दिले, आणि परत आलेल्यांवर कोलकात्याजवळ बजबज येथे ब्रिटिश सरकारने गोळीबार केला. त्याच कॅनडाने १९६७मध्ये शिक्षण, वय, भाषा आणि कौशल्य यांना गुण देणारी पद्धत आणली, आणि १९७१मध्ये बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून जाहीर केले. गेल्या काही वर्षांत घरे अपुरी पडू लागल्यावर तिथल्या सरकारने विद्यार्थ्यांचे परवाने पुष्कळ कमी केले. आपल्या मुलांना त्याचा फटका बसला, तरी त्या निर्णयाला मी वर्णद्वेष म्हणणार नाही.

तुमच्या यजमानांशी कसे बोलावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण घरातली गाठ तिथेच बसली आहे असे मला वाटते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे समजू नका. ज्या कारखान्यात त्यांनी कायम कामगार म्हणून आयुष्य काढले, तशा कारखान्यांत आज आयटीआय झालेला सिन्नरचा किंवा इगतपुरीचा मुलगा ठेकेदाराच्या हाताखाली काही महिन्यांच्या बोलीवर उभा असतो, आणि त्याच्या शेजारच्या मशीनवर बिहारचा मुलगा त्याच अटींवर, कधी आणखी कमी पैशांत, दोन पाळ्या ओढतो. या व्यवस्थेत वाचलेला पैसा त्या बिहारी मुलाच्या खिशात जात नाही. स्थानिकांना ८० टक्के जागा देण्याचे राज्याचे धोरण आहे. ते पाळले जाते का, कंत्राटी कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, हे प्रश्न विचारण्याचा तुमच्या यजमानांना पुरता अधिकार आहे, आणि ते कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात विचारले पाहिजेत. सातपूरच्या चौकात पाणीपुरी विकणाऱ्याच्या कानाखाली मारून त्यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

फेब्रुवारी २००८ त्यांना नक्की आठवत असेल. उत्तर भारतीयांविरुद्धच्या हिंसेनंतर नाशिकरोड स्थानकावर गाठोडी घेऊन कुटुंबे गाड्यांची वाट पाहत बसली होती, हजारो कामगार शहर सोडून गेले आणि कारखान्यांत माणसे कमी पडू लागली. त्याच दिवसांत बसवर झालेल्या दगडफेकीत प्राण गेला तो एचएएल या विमाने बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका मराठी माणसाचा. पुढे करोनाच्या टाळेबंदीत १ मे २०२०च्या रात्री, म्हणजे महाराष्ट्रदिनीच, नाशिकरोडहून भोपाळकडे श्रमिक विशेष गाडी सुटली; त्याआधी कसारा घाट चढून पायी आलेल्या मजुरांना याच नाशिकच्या लोकांनी महामार्गावर जेवण आणि पाणी दिले होते. त्या दिवसांत ज्यांना अन्न दिले, ती माणसे यजमानांना परकी वाटली होती का, हे त्यांना शांतपणे विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

मुलाचे म्हणणे मला अधिक अस्वस्थ करते, कारण तो स्वतः सोसत असूनही चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो. कायदेशीर आणि बेकायदा हा भेद व्हिसाच्या खिडकीवर खरा आहे, रस्त्यावर त्याचा काही उपयोग नसतो. जुलै २०२५मध्ये डब्लिनच्या टाला उपनगरात ज्या भारतीयाला बेदम मारहाण करून विवस्त्र करण्यात आले, तो रीतसर नोकरीसाठी तिथे आला होता. त्याच्याविषयी एक खोटा आरोप पसरवण्यात आला, आणि तेवढे पुरले. हल्लेखोरांनी त्याचा परवाना मागितला नव्हता. निर्वासितांविरुद्ध पेटवलेला द्वेष आपल्या दारावरून वळून जाईल, ही तुमच्या मुलाची आशा अनुभवाला धरून नाही.

पण आयर्लंडला एका शब्दात निकालात काढणेही मला न्याय्य वाटत नाही. १८४५नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात त्या देशातली सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. परक्या शहरांत जाऊन अपमान गिळणे काय असते, हे आयरिश लोकांच्या आठवणीत आहे. आज तिथल्या दर पाच माणसांपैकी एक परदेशात जन्मलेला आहे, आणि हा बदल जेमतेम एका पिढीत घडला. २००८च्या मंदीनंतर घरबांधणी कोसळली, नंतर लोकसंख्या वाढली, आणि आता तिथल्या स्थानिक तरुणांनाही डब्लिनमध्ये घर परवडत नाही. हा राग खरा आहे, आणि तो कोणावर काढायचा हे सांगणारे लोक तयारच असतात. नोव्हेंबर २०२३मध्ये डब्लिनच्या एका शाळेबाहेर मुलांवर चाकूहल्ला झाला, हल्लेखोर परदेशी वंशाचा असल्याचे पसरले, आणि संध्याकाळी शहरात बस-गाड्या जळाल्या. त्या हल्लेखोराला ज्याने हेल्मेटने मारून खाली पाडले, तो ब्राझीलहून आलेला डिलिव्हरीवाला होता. त्याच देशाने मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर यांना २०१७मध्ये पंतप्रधानपदी बसवले, आणि टालातल्या हल्ल्यानंतर शेकडो स्थानिक लोक त्या भारतीयाच्या पाठीशी रस्त्यावर उतरले. या सगळ्या गोष्टी एकाच देशात खऱ्या आहेत.

अफवांबद्दल घरात सर्वांनी मिळून एक नियम करावा, असे मी आग्रहाने सुचवते. जुलै २०२४मध्ये इंग्लंडच्या साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली. मारेकरी नुकताच होडीतून आलेला मुस्लिम निर्वासित आहे, असे खोट्या नावासह पसरले आणि अनेक शहरांत दंगली पेटल्या. तो तरुण प्रत्यक्षात कार्डिफमध्ये जन्मलेला होता. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्यामागे मोबाइलवर फिरणारे संदेश होते, आणि ती माणसे भिक्षा मागायला आलेली होती. तुमच्या मुलाकडून यजमानांकडे आणि यजमानांकडून नातेवाइकांच्या ग्रुपवर जे व्हिडिओ जातात, त्यांतला प्रत्येक व्हिडिओ कोणत्या गावचा, कोणत्या तारखेचा, हे कळल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, एवढे जरी पाळले तरी घरातला निम्मा ताप उतरेल.

फ्लॅटचे काय करायचे, तेही सांगते. एजंटला फोन करून त्या विद्यार्थ्यांना भेटायला बोलवा आणि इतर भाडेकरूंना जे प्रश्न विचारता तेच त्यांना विचारा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमांप्रमाणे) सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, लेखी कळवावे लागते, आणि सोसायटी फार तर सेवाशुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, आकारू शकते. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या, आणि भाडेकरू परदेशी असल्यामुळे ते राहायला आल्यापासून २४ तासांत त्यांची ऑनलाइन नोंद करा. या कामात कायदा शिकणाऱ्या लेकीला सोबत घ्या. सोसायटीच्या सचिवांना पत्र द्यायला यजमान गेले तर फारच चांगले. बापलेकीतला अबोला अशा एखाद्या कामाने लवकर सुटतो.

मुलाला परत बोलवायचे का, हे नाशिकमध्ये बसून भीतीपोटी ठरवू नका. परतण्याचा निर्णय त्याचा आहे, आणि तो परत आला तर त्यात हार मानण्यासारखे काही नाही, हे त्याला एकदा स्पष्ट सांगा, म्हणजे तो केवळ लाजेखातर तिथे राहणार नाही. राहणार असेल, तर पुढच्या गोष्टी त्याला ठाऊक असाव्यात. शिवीगाळ किंवा हल्ला झाला तर ११२ किंवा ९९९ वर फोन करून पोलिसांत तक्रार नोंदवावी, आणि हल्लेखोरांनी वापरलेले शब्द तक्रारीत जसेच्या तसे लिहून घ्यायला लावावेत. २०२४च्या अखेरीपासून तिथे द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना वाढीव शिक्षा देणारा कायदा लागू आहे, आणि हेतू सिद्ध करायला तेच शब्द उपयोगी पडतात. भारतीय दूतावासालाही कळवावे.

त्याचे राहणे, जेवणे, सुट्टी घालवणे फक्त आपल्या लोकांत होत असेल, तर त्याने ते बदलावे. जर्मनीने १९६१पासून तुर्कस्तानातून कामगार आणले, ते परत जाणार असे गृहीत धरून त्यांना भाषा शिकवली नाही आणि नागरिकत्वाची वाटही वर्षानुवर्षे अवघड ठेवली, आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. सिंगापूरने १९८९पासून सरकारी इमारतींत प्रत्येक वंशाच्या कुटुंबांचे प्रमाण ठरवून दिले, जेणेकरून वेगवेगळ्या वस्त्या होऊ नयेत. तो मार्ग मला थोडा जाचक वाटतो, तरी त्यामागची काळजी रास्त आहे. आणि ही जबाबदारी गोऱ्यांचीच असते असेही नाही. २०२२मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात हिंदू आणि मुस्लिम तरुण एकमेकांसमोर आले, तेव्हा ते भांडण आपल्या उपखंडातून गेलेल्या घरांमधलेच होते.

आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत देण्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. तिथे राहणाऱ्या, १८ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही मतदार यादीत नाव घालता येते, आणि ही गोष्ट आपल्या पुष्कळ मुलांना माहीत नसते. मागची निवडणूक जून २०२४मध्ये झाली, पुढची २०२९मध्ये होईल. तुमच्या मुलाने नाव आताच नोंदवावे आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एकदा भेटून यावे. बसथांब्यावरचा अंधार, त्रास देणारी टोळकी आणि घरांचे भाडे या तिन्ही तक्रारी त्याच्या आयरिश शेजाऱ्यांच्याही आहेत, तेव्हा त्या भेटीला जाताना त्यांच्यापैकी कोणालातरी बरोबर न्यावे.